रिबिनीपासून पैठणीपर्यंत

जगातला पहिला रंगीत फोटो म्हणून ज्याचं नाव घेतात, त्यात ना माणूस आहे, ना देव, ना फूल. आहे ती कापडाची एक रिबीन. स्कॉटलंडकडच्या चौकड्यांच्या कापडाची, गाठ मारून काळ्या मखमलीवर टाचलेली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ती पडद्यावर दाखवली. फोटो काढून दिले होते थॉमस सटन यांनी. मी येवल्यात पैठण्यांचे फोटो काढून पोट भरतो, त्यामुळे आमच्या धंद्याचा श्रीगणेशा कापडाने झाला हे वाचल्यापासून मॅक्सवेल मला घरचाच माणूस वाटतो. एडिंबरामधल्या त्याच्या जन्मघरात त्या मूळ काचा जपून ठेवल्या आहेत. त्या रस्त्याचं नाव इंडिया स्ट्रीट! योगायोगच, पण मला आवडलेला.

मॅक्सवेलचं म्हणणं सरळ होतं. डोळ्याला सगळे रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तिघांच्या कमीजास्त मिसळणीतून कळतात. मग तीन फोटो तीन रंगांच्या आडून काढावेत आणि त्याच तीन रंगांच्या उजेडात पडद्यावर एकावर एक टाकावेत. सटनने काचेच्या भांड्यांत रंगीत द्रावणं भरून त्यांच्या आडून फोटो घेतले. निळ्याआडून सहा सेकंदांत काम झालं. हिरव्याला बारा मिनिटं लागली, तांबड्याला आठ. इथे जाणकाराला शंका यायला हवी. त्या काळच्या ओल्या कलोडियन काचेला निळ्या-जांभळ्याखेरीज फारसं काही दिसतच नसे. तांबड्याच्या बाबतीत तर ती ठार आंधळी. मग तांबड्याआडचा फोटो उमटला कशाने?

उत्तर मिळायला शंभर वर्षं लागली. १९६१ साली कोडॅकच्या प्रयोगशाळेतल्या राल्फ इव्हान्सने या प्रयोगाची उकल केली. सटनच्या तांबड्या द्रावणातून तांबड्या उजेडाबरोबर थोडा अतिनील उजेडही निसटत होता. आणि कापडावरचे बरेचसे तांबडे रंग अतिनील उजेडही परत फेकतात. म्हणजे रिबिनीतला तांबडा पट्टा काचेवर उमटला तो तांबड्याने नव्हेच. डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाने त्याची जागा घेतली आणि नेमकी जिथे हवी तिथेच घेतली. रंगाऱ्याने वेगळा रंग वापरला असता तर प्रयोग फसला असता.

तेव्हापासून कॅमेऱ्याची चोरी कापडच पकडत आलं आहे. चेहरा जरा गुलाबी आला तर गिऱ्हाईक खूश होतं. आकाश असतं त्याहून निळं आलं तर वाहवा होते. साडी मात्र हातात असते. फोटो तिच्या शेजारी धरला की निकाल तिथल्या तिथे लागतो.

जुन्या वाड्यांतून भिंतीवर लटकलेले पणजी-आजीचे फोटो नीट पाहा. कपाळावरचं कुंकू काळंकुळकुळीत दिसतं. घरातले सांगतात की तिचं लुगडं गडद निळं होतं, फोटोत मात्र ते फिकुटलेलं. १८७३ साली बर्लिनच्या हेर्मान फोगेलने काचेवरच्या रसायनात रंग मिसळून तिला हिरवं दिसायला शिकवलं, तरी तांबडं पुढे कित्येक वर्षं तिच्यासाठी अंधारच होता. तांबड्यापर्यंत पोचलेली पॅनक्रोमॅटिक काच १९०६ साली बाजारात आली, आणि गावोगावच्या स्टुडिओंत पोचायला तिला आणखी बराच काळ लागला. लाल शालूतली नवरी काळ्या लुगड्यात उभी असल्यासारखी दिसते, त्याचं कारण हे. त्या फोटोत शोक शोधणारे लेख मी वाचले आहेत. शोक कसला, रसायन होतं ते.

माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. त्यांच्या हाताखाली मी जे पहिलं काम शिकलो ते फोटो रंगवण्याचं. काळ्यापांढऱ्या प्रिंटवर पातळ तैलरंग काडीला कापूस गुंडाळून फिरवायचा, जास्तीचा पुसून काढायचा. फोटो काढून झाला की वडील गिऱ्हाइकाला विचारून पाकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहीत: लुगडं हिरवं, काठ लाल, खण अंजिरी. बायका अगदी बारकाईने सांगत. पुरुषांना स्वतःच्या कोटाचा रंगही आठवत नसे. त्या रंगवलेल्या फोटोंना आज कुणी खोटे म्हणेल. मी म्हणणार नाही. प्रत्येक फोटोमागे त्या कापडाबद्दलची एक साक्ष होती, आणि ती साक्ष ते कापड नेसलेल्या बाईची होती. पुढे रंगीत फिल्म आली आणि ही विचारपूस बंद झाली. यंत्र सांगेल तो रंग.

यंत्राला ते लगेच जमलं असंही नाही. आपल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला. शांतारामबापू त्यासाठी जर्मनीला गेले, तिथे प्रती काढल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, कोडॅकची कोडाक्रोम आली. ती शोधणारे लिओपोल्ड मॅनिस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघेही पेशाने संगीतकार, एक पियानोवाला आणि एक व्हायोलिनवाला. अंधारखोलीत मिनिटं-सेकंद मोजायचे तर ते ताल म्हणून मोजत, असं सांगतात. कोडाक्रोमचे रंग अजून लोकांच्या डोळ्यांपुढे आहेत. पण निळी-जांभळी काही फुलं रंगीत फिल्मवर हटकून गुलाबी उतरत. फूल निळ्याबरोबर अगदी गडद तांबडा उजेडही परत फेकतं. आपला डोळा त्याकडे जवळजवळ काणाडोळा करतो, फिल्म करत नसे. एजरेटम या फुलावरून या दोषालाच नाव पडलं. तोच दोष कापडातही दिसे. काही रासायनिक रंगांतलं हिरवं आणि निळं कापड फोटोत तपकिरी-तांबूस झाक घेऊन येई, आणि त्यावर अंधारखोलीत इलाज नव्हता.

आमच्याकडे रंगीत रोल सुरुवातीला धुवायला मुंबईला जात. नंतर नाशकात लॅब निघाल्या. १९७२ साली कोडॅकने सी-४१ ही पद्धत आणली, हळूहळू साऱ्या कंपन्यांच्या निगेटिव्ह त्याच रसायनांत धुतल्या जाऊ लागल्या, आणि म्हणून गावात मिनीलॅब परवडू लागली. पण निगेटिव्हला स्वतःचा असा रंग नसतो. नारिंगी पडद्याआड सगळं उलटं उमटलेलं असतं. खरा रंग ठरवायचा तो लॅबवाल्याने, बटणं दाबून. मॅजेन्टा दोन कमी, यलो एक वाढव. मी लॅबमध्ये तासन्‌तास बसून हे पाहिलं आहे. मशीनवरचा माणूस चांगला असला की आमची बरकत. तो सुट्टीवर गेला की सगळ्या लग्नांच्या नवऱ्या काविळीने पिवळ्या.

तो माणूस बटणं कशावरून दाबायचा? कोडॅक लॅबना एका बाईचा फोटो पाठवत असे. गोरी, चमकदार कपड्यातली, शेजारी रंगीत उश्या. धंद्यात तिला शर्ली म्हणत. ती बरोबर छापली गेली की मशीन बरोबर. पुढे बायका बदलल्या, नाव तेच राहिलं. शर्ली बरोबर आली म्हणजे सावळा माणूस बरोबर येईल याची काही हमी नव्हती, आणि तो येतही नसे. नंतर कोडॅकच्याच जुन्या लोकांनी सांगितलेली हकिकत अशी की गडद तपकिरी छटा सुधारा म्हणून कंपनीच्या मागे जोर लावला तो सावळ्या माणसांनी नव्हे. चॉकलेटवाल्यांनी आणि फर्निचरवाल्यांनी. एकाला दुधाचं आणि कडू चॉकलेट वेगळं दिसायला हवं होतं, दुसऱ्याला लाकूड. माल विकणाऱ्याने रडगाणं गायल्याशिवाय रंग सुधारत नाही, हे माझं मत या हकिकतीने पक्कं झालं. आपल्याकडे तर गिऱ्हाईकच काउंटरवर सांगायचं, "मुलीचा फोटो जरा उजळ काढा हो." शर्लीचं आणि त्यांचं छान जमलं.

यावर उतारा १९७६ साली निघाला. मॅकबेथ कंपनीतल्या मॅककॅमी आणि त्याच्या दोघा सहकाऱ्यांनी चोवीस चौकोनांचा एक पुठ्ठा तयार केला. वरच्या ओळीत पहिला चौकोन सावळ्या कातडीचा, दुसरा गोऱ्या कातडीचा, मग आकाश, पान, निळं फूल. म्हणजे फिल्मला छळणारं निळं फूल या पुठ्ठ्यावर मुद्दाम बसवलं होतं. खालची ओळ पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीच्या सहा पायऱ्यांची. प्रत्येक चौकोनाचा रंग मोजून ठरवलेला, कुणाच्या आवडीवर काही नाही. पुठ्ठ्यावर सावळी कातडी सगळ्यात आधी बसवणाऱ्या त्या माणसांना माझा नमस्कार.

त्याच वर्षी कोडॅकच्या ब्राइस बायरला एक पेटंट मिळालं. सेन्सरच्या प्रत्येक टिपक्यावर एकाच रंगाची काच बसवायची: अर्धे हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. डोळा बारकावे हिरव्यात जास्त टिपतो म्हणून हिरवे दुप्पट. प्रत्येक टिपक्याला एकच रंग माहीत असतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून हिशोब करून भरायचे. आज आपल्या खिशातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाईलचा कॅमेरा याच पद्धतीने चालतो. मॅक्सवेलच्या तीन काचा एका नखाएवढ्या तुकड्यावर येऊन बसल्या. आणि मॅक्सवेलचं दुखणंही त्यांच्याबरोबर आलं: सेन्सरचं तांबडं म्हणजे डोळ्याचं तांबडं नव्हे. त्याने दिलेले आकडे डोळ्याच्या भाषेत आणायला कॅमेऱ्यात एक कोष्टक घालावं लागतं, आणि ते कोष्टक सरासरीवर बेतलेलं असतं. कातडी, गवत, आकाश यांची सरासरी. पैठणी त्या सरासरीत नाही.

धंद्याला डिजिटल परवडू लागलं ते १९९९ च्या निकॉन डी-वनपासून. त्याआधी १९९१ साली कोडॅकने निकॉनच्याच एफ-थ्रीवर सेन्सर बसवून विकला होता, पण त्याचा साठवणीचा डबा वेगळा खांद्याला लटकवायचा आणि किंमत वीस हजार डॉलरांच्या घरात. डी-वन सहा हजारांच्या आत आला. वर्तमानपत्रवाल्यांनी तो उचलला, आणि मग रंगांवरून ओरड सुरू झाली. त्याचे आकडे अमेरिकन टीव्हीच्या एनटीएससी मापाने लिहिलेले, तर ते पाहायचे कॉम्प्युटर चालत एसआरजीबी या मापाने. हे माप ह्यूलेट-पॅकर्ड आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये साध्या मॉनिटरवरून बेतलं होतं. त्याहून रुंद जे अॅडोबी आरजीबी, त्याचा जन्म तर चुकीतून झाला. दुसऱ्याच एका मापाचे आकडे उतरवून घेताना अॅडोबीवाल्यांची गफलत झाली, तोवर फोटोशॉप बाजारात गेलं होतं आणि लोकांना ते माप आवडलं होतं. शेवटी नाव बदलून तेच कायम केलं.

आमच्या पैठणीला या मापांचा फटका बसतो तो असा. मोरपंखी रंग एसआरजीबीच्या कुंपणाबाहेर पडतो. कॅमेऱ्याने तो पकडला तरी मोबाईलवर जाताना त्याला कुंपणापाशीच थांबावं लागतं आणि तो मुका होऊन येतो. राणी रंगाचं उलट. तिथे तांबड्याचा आकडा शिगेला पोचतो, त्यापुढे मोजदाद बंद, आणि साडीची वीण जाऊन नुसता गुलाबी पत्रा दिसतो. मी डिजिटलवर नवा असताना एक विणकर काका स्क्रीनकडे बघून म्हणाले होते, "भाऊ, बुट्टी आम्ही विणली होती ना? कुठं गेली?"

बुट्टी परत आणायला फार काही लागत नाही. एक्सपोजर थोडं खाली ओढायचं, आणि फोटो रॉ मध्ये घ्यायचा. रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या कोष्टकाने शिजवण्याआधीचे कच्चे आकडे. त्यात पांढरं कशाला म्हणायचं ते नंतर ठरवता येतं. पण कच्च्या आकड्यांवरही कंपन्यांचा हक्क सांगणं चालूच असतं. २००५ मध्ये निकॉनने डी-टू-एक्सच्या रॉ फाइलमधली व्हाइट बॅलन्सची नोंदच कुलूपबंद केली. फोटोशॉप घडवणारा थॉमस नोल उघडपणे चिडला. डेव्ह कॉफिन या प्रोग्रामरने ते कुलूप उघडून दाखवलं, आणि नंतर कंपन्यांची आपापसांत तडजोड झाली. फोटो माझा, साडी विणकराची, आणि पांढरा कुठला ते कंपनी सांगणार! त्या प्रकरणापासून फाइल कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते हे बघितल्याशिवाय मी कॅमेरा घेत नाही.

पुढच्याच वर्षी कापडाने पुन्हा एकदा बड्या घराला गाठलं. २००६ साली लायकाने एम-एट हा आपल्या जुन्या घराण्यातला पहिला डिजिटल कॅमेरा काढला. किंमत अशी की आमच्यासारख्याने नुसती ऐकावी. फोटोत पहिल्यांदा काय दिसलं, तर सिंथेटिक धाग्याचे काळे कपडे जांभळट-किरमिजी. काळा कोट वांग्याच्या रंगाचा. असे धागे अवरक्त उजेड भरपूर परत फेकतात. डोळ्याला तो दिसत नाही, सेन्सरला दिसतो, म्हणून सेन्सरपुढे तो अडवणारी काच लावतात. लायकाचं लेन्स सेन्सरच्या फार जवळ बसतं, कोपऱ्यांवर उजेड तिरपा येतो, जाड काच लावली तर कोपरे बिघडतात. म्हणून त्यांनी काच पातळ ठेवली. शेवटी कंपनीने प्रत्येक मालकाला लेन्सवर लावायचे दोन फिल्टर फुकट दिले. सटनच्या तांबड्याला अतिनील उजेडाने तारलं होतं, लायकाच्या काळ्याला अवरक्त उजेडाने बुडवलं. दोन्हीकडे साक्षीदार कापडच.

माझं आताचं काम जुन्या लॅबवाल्याला हसू येईल इतकं साधं आहे. साडी पसरली की पहिल्या फोटोत चोवीस चौकोनांचा तो पुठ्ठा तिच्यावरच ठेवतो, त्याच उजेडात. पांढरं जमवायला राखाडी चौकोनावर टिचकी मारतो. कोरा कागद घेत नाही, कारण हल्लीच्या कागदाला आणि धोतरालाही निळसर चमक आणणारी पावडर लावलेली असते. कागद खोटं बोलतो, मग साडी पिवळी येते. पुठ्ठ्यावरून कॅमेऱ्याचं स्वतःचं कोष्टक तयार करायची सोय अॅडोबीने २००८ मध्ये दिली. तेव्हापासून कंपनीच्या सरासरीऐवजी मी माझ्या खोलीतल्या दिव्यांचं कोष्टक वापरतो. भिंती राखाडी रंगवून घेतल्या आहेत. पूर्वी एका दुकानात फोटो काढायचो, तिथल्या पोपटी भिंतीने प्रत्येक साडीचा पांढरा काठ हिरवट करून दिला होता.

दिव्यांचं मात्र डोकं खावं लागतं. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप, नव्वद लिहिलेलं असतं. हा आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीचा आहे. गडद तांबडा त्यात धरतच नाहीत. तो नववा नमुना म्हणून वेगळा मोजतात आणि खोक्यावर सहसा छापत नाहीत. स्वस्त एलईडीखाली कुंकवाचा रंग विटकरी होतो, कारण त्या दिव्याच्या उजेडात गडद तांबडं मुळातच तुटपुंजं असतं. जे उजेडात नाही ते रॉ मध्ये येत नाही आणि पुठ्ठाही ते आणून देऊ शकत नाही. उत्तरेच्या खिडकीतला दिवसाचा उजेड अजून कुठल्याही दिव्याला हरवतो, पण आषाढात त्याचाही भरवसा नाही. तेव्हा दिवाळीच्या कॅटलॉगचं काम हातात आणि बाहेर ढग, अशी तारांबळ दर वर्षी ठरलेली.

आणि धूपछांव पैठणी. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. ताणा किरमिजी आणि बाणा हिरवा असला की साडी समोरून एक, कडेने दुसरी. चोवीसही चौकोन इथे निकामी आहेत, कारण प्रत्येक चौकोनाला एकच रंग आहे आणि या कापडाला दोन. सुरुवातीला मी मधला कोन शोधत बसायचो, दोन्ही रंग सारखे येतील असा. तशा फोटोत साडी मळकी दिसते. ज्या काकांची बुट्टी हरवली होती त्यांनीच तोडगा काढला. "एक बसून काढ, एक उभ्याने काढ. दुकानात बाई बसून बघते, नेसल्यावर लोक उभ्याने बघतात." आता अशा प्रत्येक साडीचे दोन फोटो जातात, एक गादीवर पसरलेली, एक अंगावर नेसलेली, आणि खाली ताणा-बाणा दोन्हींचे रंग लिहिलेले. दोन फोटोंतला रंग वेगळा का, असा फोन गिऱ्हाइकाचा येतोच. तो काका घेतात.